असिस्टंट फोटोग्राफरला मिळतात किती? आधी तारखा मोजा

गेल्या महिन्यात सांगलीत माझ्या स्टुडिओत एक गृहस्थ आले. पासपोर्ट फोटो काढून झाला, पैसे दिले, तरी निघेनात. शेवटी म्हणाले, "पोरगं बारावीनंतर फोटोग्राफरच्या हाताखाली जातो म्हणतंय. पगार किती असतो हो त्यात?" आणि पोरानं नेटवरून काढून पाठवलेला आकडा त्यांनी मोबाइलवर दाखवला. महिन्याची कमाई लाखांत! आकडा खोटा नव्हता, पण अमेरिकेतला होता.

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मे २०२४ साठी फोटोग्राफरचं मध्यक वेतन तासाला सुमारे २० डॉलर दिलेलं आहे. मध्यक म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध जो येईल त्याची कमाई. पण ही रांग फोटोग्राफरांची आहे, त्यांच्या असिस्टंटांची नव्हे. शिवाय तिथलं घरभाडं आणि दवाखानाही डॉलरमध्येच. त्याला रुपयाच्या भावानं गुणून सांगलीच्या हरभट रोडवर आणलं, तर फक्त बापलेकाचं भांडण होईल.

मी स्वतः चार हंगाम हाताखाली काढलेत आणि आता माझ्या हाताखाली एक पोरगा आहे. म्हणजे हिशोबाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. त्या गृहस्थांना उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं लिहितो.

असिस्टंट म्हणजे नक्की कोण?

घोळ इथूनच सुरू होतो. एकाच नावाखाली किमान तीन वेगळी माणसं असतात. पहिला हेल्पर: बॅगा उचलणारा, स्टँड लावणारा, लाइट धरणारा. दुसरा सेकंड शूटर: मुख्य फोटोग्राफर मांडवात असताना रुखवत, पाहुणे, जेवणाच्या पंगती टिपणारा. तिसरा मागं स्टुडिओत बसलेला: कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं रिकामी करणारा, बॅकअप घेणारा, फोटो छाटणारा, अल्बमची पानं लावणारा. छोट्या गावात हे तिन्ही एकच पोरगा करतो आणि पैसे मात्र पहिल्याचेच घेतो.

हेल्परचं काम म्हणजे नुसतं दिवा धरणं, असं वाटत असेल तर एक दहा सेकंद बघा. मंगलाष्टकं चालू आहेत. अंतरपाट धरलाय, लोक अक्षता घेऊन उभे. भटजींनी "तदेव लग्नं" सुरू केलं की जाणता पोरगा जागा बदलतो, कारण हे शेवटचं. आता वाजंत्री वाजणार, अंतरपाट निघणार, हार पडणार. फोटोग्राफर नवरीच्या खांद्यावरून नवऱ्याचा चेहरा धरून बसलेला असतो, त्याला मागं बघायला सवड नाही. त्या वेळी लाइट जर मामांच्या फेट्यामागं अडकला, तर नवऱ्याच्या निम्म्या तोंडावर फेट्याची सावली. हार परत घालायला लावता येतो, पण तो चेहरा परत येत नाही. नवखा पोरगा "सावधान" ऐकल्यावर हलतो, तोवर अक्षता जमिनीवर पडलेल्या असतात.

ही तदेव लग्नं ऐकून हलण्याची अक्कल यायला मला एक अख्खी लग्नसराई लागली.

रेट विचारू नका, तारखा विचारा

नवीन मुलं आधी विचारतात, "एका ऑर्डरचे किती?" ऑर्डर म्हणजे एका लग्नाचं काम. उत्तर ऐकून खूश होतात आणि मनातल्या मनात त्याला तीसनं गुणतात. चूक तीसमध्ये आहे.

आता एक हिशोब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या गावचे घालून बघा. समजा एका लग्नाचे १,२०० रुपये ठरले आणि वर्षात ४० तारखा मिळाल्या. झाले ४८,००० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ४,०००. आता ताडून बघायला एक सरकारी आकडा घ्या: २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्याचे २६ दिवस तेवढ्या रोजानं भरले तर ८,११२ होतात. म्हणजे चौपट रेटचा पोरगा वर्षाअखेरीस निम्म्यावर येतो.

उलट दुसरा एक पोरगा धरा. दिवसाला ८०० घेतो, पण स्टुडिओत बसून अल्बम लावतो, शाळांच्या गॅदरिंगला जातो, ओळखपत्रांचे फोटो काढतो. वर्षात १२० दिवस भरले तर ९६,०००. रेट कमी असून कमाई बरोबर दुप्पट.

तारखा आपल्या हातात नसतात, त्या पंचांगाच्या हातात असतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपल्याकडं लग्नं थंडावतात. पौष बहुतेक घरी टाळतात. काढीव मुहूर्तावर कोणी उरकतात, पण त्यात मांडव छोटा आणि फोटोग्राफर एकटा. आणि यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. शाळेला सुट्टी, मुंबई-पुण्याचे पाहुणे गावात, अशा वेळी मेचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. यंदा नेमकी तीच कापली गेली. त्याआधीच्या तारखा इतक्या दाटतात की एका दिवशी तीन ऑर्डरी येतात आणि पोरगा तर एकच असतो. दाट तारखेला हेल्परचा भाव वधारतो, विरळ तारखेला कोणी विचारत नाही.

मग बाकीचे महिने काय? गणपती मंडळं, नवरात्र, बारशी, डोहाळजेवणं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. यातलं प्रत्येक काम लहान आहे, पण घर त्यावरच चालतं.

एका पोराला जास्त, दुसऱ्याला कमी, असं का?

तासगावकडच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. द्राक्षाच्या बागेत क्रेट उचलणारा आणि छाटणी करणारा यांना एक मजुरी नसते. क्रेट पडला तर एक क्रेट जातो, डोळा चुकीचा छाटला तर वर्षाचं पीक जातं. आमच्यातही भाव त्या हिशोबानंच चढतो: तुझ्या चुकीनं किती जाऊ शकतं आणि तरी मी तुझ्यावर सोपवतो का?

म्हणून ज्याच्याकडं निर्धास्तपणे कार्डं देता येतात, त्याला जास्त. लग्नाचे हजारो फोटो बोटाच्या नखाएवढ्या कार्डात असतात. ते भरलेलं कार्ड कुठल्या खिशात आणि रिकामं कुठल्या, ही शिस्त ज्याला आहे त्याला मालक सोडत नाही. ज्याला नवरीच्या मावशीला आणि आत्याला एका फ्रेममध्ये उभं करता येतं, कोणी न रुसता, त्यालाही जास्त. ही कला कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मुलींना या कामात मागणी वाढतेय आणि त्याचं कारण सरळ आहे: नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर दारात अवघडून उभा राहतो, मुलगी आत जाऊन काम करते. मात्र रात्री अकराला वरात संपल्यावर तिला घरी कोण सोडणार, हे आधी ठरवणारे मालक थोडे. तिचा तो खर्च रेटमध्ये धरलाच पाहिजे.

ड्रोनचं पारडं वेगळं आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. लग्नात बिनप्रमाणपत्राचा ड्रोन सर्रास उडतो हे मला ठाऊक आहे. पण तो मंडपाच्या झालरीत अडकून कोणाच्या डोक्यावर पडला, की आधी उडवणाऱ्याचं नाव विचारतात. "मालकानं सांगितलं म्हणून उडवला" हे उत्तर तिथं चालत नाही.

स्वतःचा कॅमेरा घेतला की सुटलं?

कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या ऑर्डरवर रोजानं फोटो काढायला जाणं, याला आमच्यात एक्स्पोजिंगला जाणं म्हणतात. हेल्परपेक्षा रोज चांगला पडतो, म्हणून पोरं पहिल्याच हंगामात हप्त्यावर कॅमेरा उचलतात.

ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. ड्रायव्हर म्हणून गेलात तर रोज मिळतो. स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन गेलात तर भाडं जास्त मिळतं, पण डिझेल तुमचं, टायर तुमचा आणि हप्ता उसाचं बिल येवो न येवो. त्या जादा पैशात तुमच्या हाताची मजुरी किती आणि ट्रॅक्टरचं भाडं किती, हे वेगळं करून बघणारे थोडेच. कॅमेऱ्यातही दोन पैसे असतात: हाताचे आणि यंत्राचे. समजा एक्स्पोजिंगचे ३,००० मिळाले. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश आणि दोन बॅटऱ्या भाड्यानं आणल्या असत्या तर दीड हजार लागले असते. मग तुमच्या हाताची किंमत झाली १,५००. बाकीचे यंत्राचे आहेत, ते हप्त्याला आणि दुरुस्तीला बाजूला पडले पाहिजेत. बहुतेकांचे ते अधिक महिन्यात खर्च होतात आणि पावसाळ्यात कॅमेरा विकायची जाहिरात लागते.

मी काय केलं असतं? पहिले दोन हंगाम मालकाच्याच कॅमेऱ्यावर हात बसवला असता. केलं मात्र उलटंच.

पैसे अडकतात कुठं?

रेट चांगला, तारखाही मिळाल्या, तरी दिवाळीत खिसा रिकामा, ही या धंद्यातली जुनी गोष्ट. यात मालक लबाड असतोच असं नाही. साखळी समजून घ्या.

गिऱ्हाईक बुकिंगला थोडे पैसे देतं, लग्नादिवशी थोडे, आणि उरलेले अल्बम नेताना. अल्बम छापायचा तर आधी फोटो निवडावे लागतात. ते नवराबायकोनं निवडायचे असतात. ती दोघं आधी देवदर्शनाला, मग फिरायला, मग पुण्याला नोकरीवर. फोन केला की "या रविवारी बसतो". मग सासूबाईंना वेगळे फोटो हवे असतात. निवड लांबली, अल्बम लांबला, शेवटचा हप्ता लांबला, आणि मालक असिस्टंटला म्हणतो, "पार्टीचे आले की देतो."

म्हणजे जत तालुक्यातल्या एका लग्नात रात्री बारापर्यंत लाइट धरलेल्या पोराची मजुरी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी फोटोंवर बरोबरची खूण करायची राहिली म्हणून अडकून पडते. त्या दोघांमध्ये काही संबंध आहे हे दोघांनाही माहीत नसतं.

यावरचा मालकांचा बचावही ऐकून घेतला पाहिजे, मी आता त्याच खुर्चीत आहे. लोकांना पॅकेजचा मोठा आकडा दिसतो. त्यातून अल्बमची छपाई, व्हिडिओवाला, एक्स्पोजिंगवाले, गाडी, दुकानाचं भाडं, वीज जाते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटीची नोंदणी आणि बिलावर १८ टक्के कर. हातात उरतं ते बाहेरून वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. हे सगळं खरं आहे. पण अल्बम कधी जाईल हा धोका धंदा करणाऱ्याचा आहे, रोजानं येणाऱ्याचा नाही. किराणावाला "गिऱ्हाइकानं डाळ शिजवल्यावर हमालाला पैसे देतो" असं म्हणत नाही.

"शिकायला मिळतंय की, पैसे कसले?"

हे वाक्य मी पहिल्या हंगामात सोळा वेळा तरी ऐकलं. शिकायला मिळतं, यात खोटं काही नाही. पण शिकवणं आणि राबवून घेणं यात फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. हंगामाच्या सुरुवातीला जे काम करत होता, शेवटीही तेच करत असाल आणि कॅमेरा एकदाही हातात आला नसेल, तर ते शिक्षण नव्हे.

माझ्या पहिल्या हंगामाचा हिशोब असा झाला. मिरजेच्या एका कार्यालयात केटररच्या पोराचा पाय वायरीत अडकला आणि लाइटचा स्टँड फ्लॅशसकट आडवा झाला. मी तेव्हा मालकाच्याच सांगण्यावरून खाली गाडीतून बॅग आणायला गेलो होतो. जूनमध्ये पैसे मागितले तेव्हा वहीतून चार हजार वजा झालेले दिसले. समोर लिहिलं होतं, "फ्लॅश". मी काही बोललो नाही. एकवीस वर्षांचा होतो आणि पुढच्या हंगामाची आशा होती.

शिकण्याच्या बदल्यात अजून एक गोष्ट मिळते असं सांगतात: पुढं दाखवायला फोटो. तिथंही जपून. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना काढलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा, आणि कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक सहसा तो गिऱ्हाईक, वेगळा करार नसेल तर. बटण तुम्ही दाबलं म्हणून फोटो तुमचा होत नाही. तेव्हा स्वतःच्या पानावर चार फोटो टाकायची परवानगी कामाआधीच मागून घ्यावी. ती पैशाइतकीच मोलाची आहे, कारण पुढची एक्स्पोजिंगची तारीख त्या चार फोटोंवरच मिळते.

कायद्यात आपण बसतो का?

केंद्रानं वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. संहिता म्हणजे वेतनाचे चार जुने कायदे एकत्र करून केलेला एक कायदा. पूर्वी किमान वेतन ठरावीक यादीतल्या धंद्यांनाच होतं. आता यादीची अट गेली, सगळ्या कर्मचाऱ्यांना किमान वेतनाचा हक्क आला.

आमच्या कामाच्या तीन गोष्टी त्यात आहेत. एक, रोजंदारी असेल तर पैसे पाळी संपताना, आणि महिन्याचा पगार असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. "पार्टीचे आले की" अशी मुदत कायद्यात नाही. दोन, ठरलेल्या कामाच्या वेळेपेक्षा जास्त राबवलं तर जादा तासांना दुप्पट दर. सकाळी आठच्या हळदीपासून रात्री अकराच्या वरातीपर्यंत पंधरा तास होतात, मोजून बघा. तीन, आणि माझ्या जिव्हाळ्याची: सामान मोडल्याचे पैसे कापायचे तर ते सामान त्या माणसाच्या ताब्यात दिलेलं असलं पाहिजे, नुकसान त्याच्या हयगयीमुळं झालेलं असलं पाहिजे आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. माझा फ्लॅश यातल्या एकाही कसोटीवर टिकला नसता.

अडचण अशी की हे "कर्मचाऱ्याला" लागू आहे. मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या सामानानं, मालकाच्या वेळेला काम करणारा हेल्पर त्यात बसतो असं म्हणायला चांगली जागा आहे. स्वतःचा कॅमेरा घेऊन, स्वतःचा दर सांगून, आज याच्याकडं उद्या त्याच्याकडं जाणारा एक्स्पोजिंगवाला स्वतंत्र धंदेवाला ठरतो. म्हणजे कॅमेरा घेतल्यावर रोज वाढतो आणि कायद्याची छत्री लहान होते. हप्त्यावर सही करताना हे कोणी सांगत नाही.

थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. सांगलीत किती पोरं करतील? एक्स्पोजिंगवाले, अल्बमवाले, लाइटवाले सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तक्रार करणाऱ्याचा नंबर पुढच्या हंगामात लागत नाही. म्हणून दाव्यापेक्षा आधी लिहून घेणं स्वस्त पडतं. रात्री-अपरात्री दुचाकीवर परत येणाऱ्यांनी बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा मात्र जरूर घ्यावा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख.

साताऱ्याचं गणित थोडं वेगळं

आतापर्यंतचा हिशोब सांगलीकडचा झाला. सातारा पुण्याच्या हायवेवर आहे, त्यामुळं पुण्याची टीम सकाळी निघून लग्नाला पोचते आणि हेल्परही तिथूनच आणते. स्थानिक पोराला तोटा होतो तो तिथं. फायदा होतो प्री-वेडिंगमध्ये. मेणवलीच्या घाटावर ऊन किती वाजता पायऱ्यांवर येतं, ठोसेघरला धुकं कधी उतरतं, कासला कुठं पाय ठेवायचा नाही (२०१२ पासून जागतिक वारसा आहे तो), हे ज्याला माहीत आहे त्याला बाहेरची टीम लाइट धरण्यापेक्षा जास्त देते. वाईत सिनेमाचं शूटिंग चाललेलं असतं, तिथं पाळीवर काम मिळतं, पण तो धंदा वेगळ्या ओळखींवर चालतो.

मोबाइलच चांगले आलेत, मग असिस्टंट कशाला?

मोबाइलनं हेल्परचं काम गेलं नाही, उलट वाढलंय. पाहुणे मोबाइल वर करून मध्ये उभे राहतात, त्यांना हसतमुखानं बाजूला घेणं हे आता अर्धं काम झालंय. शिवाय लग्न लागायच्या आत रील हवं असतं, ते वेगळ्या पोराचं काम. खरा धोका मागं स्टुडिओत बसणाऱ्याला आहे. डोळे मिटलेले, हललेले फोटो वेगळे काढणारी सॉफ्टवेअरं आलीत आणि चार दिवसांची छाटणी दुपारात होते. नुसत्या छाटणीवर पोट असलेल्यानं आतापासून दुसरं काही हाताशी ठेवावं.

त्या गृहस्थांचा पोरगा नंतर आला भेटायला. त्याला रेट सांगितला नाही. कोणाचाही फोन आला तर "हो दादा" म्हणायच्या आधी काय लिहून पाठवायचं, ते त्याच्या मोबाइलवर टाईप करून दिलं. तेच इथं देतो, आकडे आपापले घाला:

"दादा, १२ तारीख धरतो. सकाळी ८ ते रात्री ८ चे १,२००. त्यापुढं तासाला वेगळे. पेट्रोल आणि जेवण तुमच्याकडं. लाइट आणि स्टँड तुमचे, निघताना फोटो काढून ताब्यात घेतो, येताना तसेच देतो. पैसे त्याच रात्री. चालत असेल तर ओके पाठवा."